एकोणीस कप चहा आणि एक द्रोण

मोहाची दारू चाखायला म्हणून घरून निघालेल्या दोन सभ्य गृहस्थांनी दोन दिवसांत एकोणीस कप चहा प्यावा, यापेक्षा मोठी फजिती बालाघाट जिल्ह्यात झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कप मी मोजले आहेत. वकील माणूस आहे, पुरावा ठेवायची सवय आहे.

तुम्ही आमच्याकडे आला नसाल. कोणी येत नाही. गोंदियाहून छोट्या रुळांच्या गाडीत बसलं की ती आपल्या सवडीने बालाघाटला आणून सोडते. इथे आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ. आजे-पणजे सरकारी नोकरीत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडताना जे तोंडात येईल ते. गावाच्या पूर्वेला घाट चढलात की सालाचं जंगल लागतं, आणि फागुन-चैतात त्या जंगलभर मोहाची फुलं टपटपत असतात. म्हणजे दारूचा कच्चा माल आकाशातून पडतो. अशा मुलखात आम्हाला दोन दिवस थेंब मिळाला नाही. ते कसं, तेच सांगायला बसलो आहे.

बालाघाट : तयारी

सगळं सुरू झालं एका निळ्या, आंतरदेशीय नव्हे, चांगल्या परदेशी पत्रापासून. ते घेऊन बापूसाहेब हरकरे माझ्या ओसरीवर आले. बापूसाहेब म्हणजे आबकारी खात्याचे निवृत्त दरोगा. सडपातळ, पांढरीशुभ्र पँट, आणि चेहऱ्यावर सगळ्यात आधी पोचणारं नाक. त्या नाकाने तीस वर्षं या जिल्ह्यातल्या हातभट्ट्या हुंगून काढल्या. बसच्या टपावरच्या वीस गाठोड्यांतलं नेमकं तेरावं उतरवायला सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमची ओळख कोर्टातली. ते दारूवाल्यांना पकडत, मी सोडवत असे. कायदा असा की आदिवासींना घरापुरती काढायला मोकळीक, विकायला मनाई. आता घरापुरती म्हणजे किती, या एका प्रश्नावर आम्हा दोघांच्या चुली तीस वर्षं पेटल्या. बापूसाहेब पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगायचे, "मी वास घेतला. मोहाची हातभट्टीची दारू होती." मग मी कोटाच्या बाह्या सावरून, आवाज चढवून विचारायचो, "दरोगासाहेब, आपण चाखून पाहिली?"

"नाही."

"आयुष्यात कधी चाखली?"

"नाही."

"मग जी वस्तू कधी जिभेला लागली नाही, ती आपण ओळखली कशी?"

"नाकाने."

कोर्ट हसायचं, दंडाधिकारी नाकावर विश्वास ठेवायचे, आणि माझा अशील आत जायचा. बाहेर येऊन आम्ही दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचो.

तर ते पत्र. बापूसाहेबांची मुलगी नलू कॅलिफोर्नियात असते. तिने लिहिलं होतं, की एका रविवारी ती आणि जावई द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडले. तिथे म्हणे मळ्यामळ्यात वाइन करतात आणि आल्या-गेल्याला चाखायला देतात. माणसं मोटारी करून लांबून येतात, पेला उजेडात धरतात, डोळे मिटून वास घेतात, घोट तोंडात खेळवतात आणि थुंकून टाकतात. शेवटी लिहिलं होतं, "बाबा, इथे नाकाला फार मान आहे. तुमच्यासारखं नाक इथे असतं तर लोकांनी त्याला हार घातला असता."

ते वाक्य बापूसाहेबांनी मला तीनदा वाचून दाखवलं. मग पत्राची घडी घालून म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही मले भर कोर्टात विचारून राहत होते न, चाखली काय म्हणून?"

"हौ. माझं कामच होतं ते."

"प्रश्न बरोबर होता तुमचा. रात्री घरी गेलो का टोचे. तीस वर्षं जिच्यामागे पळालो, तिची चव मले माहीत नाही. आता रामनवमी झाली का मुलगा नागपूरले घेऊन चालला. बिऱ्हाड बांधून ठेवलंय. तिथं सून चहातली साखरही चमचा निथळून टाकते. मोहाची कोण देते तिथं? एकदा चाखायची आहे. त्या लोकांच्या हातची, त्यांच्या अंगणात बसून."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की माझ्या तोंडातली थट्टा तोंडातच राहिली. मी शब्द दिला. आणि तिथेच माझ्या हालांना सुरुवात झाली.

कारण बापूसाहेब कुठलीही गोष्ट नुसती करत नाहीत, ते तिची तयारी करतात. तीन आठवडे रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर बैठक. जिल्ह्याचा नकाशा आला. पाच गावं निवडली गेली, खोडली गेली, पुन्हा निवडली गेली. एका जाड वहीत रकाने आखले गेले : गाव, रंग, वास, चव, शेरा. रकाने लाल शाईने. उजेडात धरायला काचेचे पेले हवेत म्हणून आमच्या कुमुदच्या माहेरच्या सेटमधले सहा पेले मागितले गेले.

कुमुद म्हणजे माझी बायको. तिने सगळा बेत ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे तोंडात घ्यायची अन् थुंकायची?"

"तिकडे तशी रीत आहे, वहिनी," बापूसाहेब म्हणाले.

"मग तीन दिवस जीप कायले पाहिजे? अंगणात बसून थुंका न दोघं. तुळशीपासून लांब मात्र."

पेले दिले नाहीत. स्टीलचे दोन ग्लास दिले, त्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं.

मग कायदेशीर मुद्दा निघाला. घरापुरती मोकळीक आहे खरी, पण पाहुण्याने घेतलेला घोट घरापुरत्यात मोडतो काय? यावर बापूसाहेबांना माझं लेखी मत हवं होतं. मी म्हटलं, अतिथी घरचाच धरतात. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली! माझी, स्वतःच्या ओसरीवर, माझ्याच चहाच्या कपाशेजारी!

शेवटी वैतागून मी म्हटलं, "बापूसाहेब, गावांचं काय ते तुम्ही बघा, मी जीप बघतो." या एका वाक्याने घात केला, पण ते मला प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

पहिला दिवस : परसवाड्याच्या वाटेने

जीप मिळाली माझ्या एका अशिलाची. तो मलाजखंडला ठेकेदारी करतो. तिथल्या तांब्याच्या खाणीची धूळ त्या जीपच्या रोमारोमात भरलेली, बसल्या बसल्या माझं धोतर भगवं झालं. ड्रायव्हर झनकलाल पन्नाशीचा, पोवार समाजाचा, झुपकेदार मिशीचा. घाटात प्रत्येक वळणावर तो स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचा.

"झनकलाल, एका हाताने जोडलेस तर देव रागावेल काय?"

"देव नहीं, वकीलसाब, मेरा मन नहीं भरता."

घाट संपला आणि वास आला. ज्यांनी मोहाचं जंगल पाहिलं नाही त्यांना तो वास सांगणं कठीण. जास्त पिकलेला गोडपणा, त्यात किंचित उंदीर लागलेल्या पोत्याचा दर्प, आणि वर सकाळच्या दवाचा गारवा. प्रथम नाक मुरडतं, मग लांब श्वास घेतं. झाडांना पान नाही, नुसते गुच्छ, आणि खाली जमिनीवर मेणाच्या मण्यांसारखी पिवळट फुलं. बापूसाहेबांनी जीप थांबवायला लावली, खाली उतरले, डोळे मिटून उभे राहिले. मी म्हटलं, हार आणायला हवा होता.

पहिलं गाव, त्याला इथे मी डोंगरटोला म्हणतो, बैठं, सारवलेलं, सुंदर. जरा जास्तच सुंदर. गल्ली झाडलेली. मोहाच्या दिवसांत घरोघरी फुलं वाळत पडलेली असतात. इथे अंगणं कोरडी ठणठणीत. गावाच्या तोंडाशी कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, खाकी डगला आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा लावून ताठ उभा. त्याने असा सलाम ठोकला की झनकलालने पुन्हा हात जोडले.

खाटेवर नवी चादर. आम्ही बसलो. चहा आला, बकरीच्या दुधाचा, मिरे घातलेला. पंच मंडळी ओळीने उभी. बापूसाहेबांनी घसा साफ केला, वही उघडली आणि विचारलं, "इस गाँव में मदिरा बनती है?"

अहो, काय तो सूर! तीस वर्षं ज्या सुरात विचारलं, त्याच सुरात. मला बसल्या जागी घाम फुटला.

"राम राम, हुजूर," कोटवार म्हणाला. "यहाँ तो कोई जानता भी नहीं."

"महुआ होता है?"

"नहीं हुजूर."

आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. बुंधा माझ्या पाठीला टोचत होता. तेवढ्यात वरून एक टपोरं फूल सुटलं आणि बापूसाहेबांच्या कपात पडलं, टपकन. सगळं गाव त्या कपाकडे बघत राहिलं. कोटवाराने पुढे होऊन दोन बोटांनी फूल काढलं, लांब फेकलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पता नहीं हुजूर, कहाँ से आ जाता है."

दुसरा कप आला.

दुपारी दुसरं गाव. तोच सलाम, तीच चादर, तोच चहा, फक्त इथे गूळ घातलेला. दारू विचारली तर सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाला की आमच्याकडे भजनमंडळ आहे. भजन ऐकावं लागलं. चार.

आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याआधी चहा विचारतो आणि तो नको म्हणेल अशी मनातून आशा धरतो. इथे तशी सोय नाही. तुम्ही कप खाली ठेवला की भरतात. संध्याकाळी परसवाड्याच्या विश्रामगृहात पोचलो तेव्हा माझ्या पोटात डबक्यासारखा आवाज येत होता. कुमुदने दिलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली तेव्हा जरा माणसात आलो. बापूसाहेबांनी वहीत लिहिलं : डोंगरटोला. रंग, वास, चव यांत आडव्या रेघा. शेरा : निरंक.

एकटा झनकलाल खुशीत होता. जीप पुसता पुसता गात होता. मी म्हटलं, चांगला स्वभाव आहे बिचाऱ्याचा.

दुसरा दिवस : आणखी चहा

तिसऱ्या गावात एका भगताने आम्हाला दारूचे दुष्परिणाम समजावून सांगितले. हा गळ्यात कंठी घातलेला, दारू-मांस सोडलेला वृद्ध शेजारच्या गावाहून खास बोलावला होता. सव्वा तास. "जो पिएगा, उसका घर जाएगा," तो बापूसाहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "साहब लोग अच्छे घर के दिखते हो." बापूसाहेबांनी, ज्यांनी जन्मात थेंब घेतला नाही, त्यांनी मान खाली घातली. मी सातव्या कपात तोंड लपवलं.

बापूसाहेब बोलेनासे झाले होते. जीपमध्ये मांडीवर ग्लास घेऊन बसले, त्यावरचं माझ्या सासऱ्यांचं नाव अंगठ्याने पुसत. मला आता चहाचा नव्हे, त्यांच्या गप्प राहण्याचा त्रास होऊ लागला. उद्याचा दिवस संपला की नागपूर.

चौथ्या गावातून निघताना दोन गोष्टी घडल्या. एक, झनकलालला शोधायला मी घरांच्या मागे गेलो, तर हा पठ्ठ्या एका आजीबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसलेला, डोळे लाल, मिशीला थेंब, हातात पानांचा द्रोण.

"अरे चांडाळा! तुले कोणी दिली?"

"सबने, वकीलसाब. हर गाँव में."

"अन् आम्हाला?"

"आप तो साहब के साथ हो," तो अत्यंत सहानुभूतीने म्हणाला. "दौरे पर आए साहब के सामने कौन निकालेगा?"

दौऱ्यावर? मी झनकलालला दंडाला धरून जीपकडे आणतो, तोच दुसरी गोष्ट. त्या गावचा कोटवार एक कागद घेऊन धावत आला. "हुजूर, इस पर लिख दो, दौरा हो गया. नहीं तो तहसील में पूछेंगे."

कागद कार्बनचा होता. अक्षर मोत्याचं, माझ्या ओळखीचं. वाचलं. "सूचित किया जाता है कि अधोहस्ताक्षरी दिनांक... को ग्राम में पधारेंगे तथा मौके पर महुआ मदिरा का स्वाद लेंगे. कोटवार मुनादी करा दे." खाली सही. सहीखाली 'आबकारी उपनिरीक्षक'. आणि त्याच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढं, 'सेवानिवृत्त'.

मी कागद बापूसाहेबांच्या नाकासमोर धरला. त्या प्रसिद्ध नाकासमोर.

"हे काय आहे?"

"दौरा कार्यक्रम."

"तुम्ही दवंडी पिटवली? दरोगा येऊन राहिला, दारू तयार ठेवा अशी?"

"चारही गावांत पाठवला. पोच आली होती."

"बापूसाहेब!" मी भर रस्त्यात दोन्ही हात वर केले. जिल्हा न्यायालयातही माझा आवाज कधी एवढा लागला नसेल. "अहो, तुमचं नाव ऐकून या गावांनी फुलं उचलून जंगलात नेऊन लपवली! भगत मागवले! भजनं बसवली! मी दोन दिवस बकरीचं दूध पिऊन राहिलो! काहून? काहून पाठवलं हे? नुसतं जाता येत नव्हतं?"



"न कळवता जातात त्याले छापा म्हणतात, वकीलसाहेब," ते हळू म्हणाले. "मले यावेळी छापा मारायचा नव्हता."

या माणसाला गावात शिरायचे दोनच रस्ते ठाऊक. एक छाप्याचा, दुसरा दौऱ्याचा. तिसरा, जो तीन इयत्ता शिकलेल्या झनकलालला येतो, तो यांना कोणी शिकवलाच नव्हता. मी कोटवाराच्या कागदावर 'दौरा हो गया' लिहिलं आणि सही ठोकली. कपांचा हिशेब केला. एकोणीस.

"चार गावांत पाठवलं म्हणालात," जीप सुरू झाल्यावर मी विचारलं. "आपल्या यादीत पाच आहेत."

"पाचव्यात नाही पाठवलं."

"का?"

"हिंमत नाही झाली. फगनीचं गाव आहे ते."

फगनीला मी विसरलो नव्हतो. फार वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या लग्नात, वऱ्हाड मांडवात बसलेलं असताना, दारूच्या दुकानाच्या ठेकेदाराच्या तक्रारीवरून बापूसाहेबांनी छापा घातला. सात मटकी एकेक हुंगून अंगणात ओतली आणि फोडली. वऱ्हाड कोरडं उठलं. गोंडांच्या लग्नात हे म्हणजे आपल्याकडे अक्षता पडायच्या वेळी पंगतीतली पानं उचलण्यासारखं. फगनीच्या नवऱ्यावर केस झाली, ती मी लढलो, आणि मला मिळालेल्या मोजक्या यशांपैकी ते एक. नवरा सुटला. मटकी मात्र फुटलीच होती.

तिसरा दिवस : फगनीचं झाड

सकाळी पोचलो तेव्हा ती घरी नव्हती, रानात होती. तिच्या झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळा सडा. फगनी उकिडवी बसून वेचत होती. केस पांढरे, पाठ ताठ, दंडावर गोंदण. शेजारी एक पोक्त बाई वेचत होती, तिची सून. म्हणजे त्या दिवशीची नवरी.

फगनीने मान वर केली. आधी बापूसाहेबांचं नाक पाहिलं, मग बाकीचे बापूसाहेब.

"दरोगा," ती म्हणाली. त्या मुलखात 'आप' नाही, कलेक्टरलाही 'तू'च. आम्हाला ते चटकन लागतं. तिकडे 'आप' म्हणणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो. "अकेला आया? सिपाही कहाँ?"

"सिपाही नहीं है. मैं रिटायर हो गया, फगनी." बापूसाहेबांचा तो सूर गेला होता. नुसता आवाज उरला होता. "मैं... मैंने कभी पी नहीं. कभी चखी नहीं. अब जिला छोड़के जा रहा हूँ. तेरे हाथ की..."

वाक्य तिथेच राहिलं. झनकलालनेही हात जोडले नाहीत. वरून फुलं पडत होती, एक इथे, एक तिथे. सुनेने सासूकडे पाहिलं. फगनीने एक रिकामी टोपली उचलली आणि बापूसाहेबांच्या पायाशी टाकली.

"बीन."

"काय म्हणाली?" त्यांनी मला विचारलं, जणू हिंदी पहिल्यांदा ऐकत होते.

"वेचा म्हणाली."

"जो बीनेगा, वो पिएगा," फगनी म्हणाली. "वकील, तू भी."

मी कशाला? मी तर तिचा नवरा सोडवला होता! पण त्या बाईपुढे वकिली चालेना. पासष्टीचे बापूसाहेब पांढऱ्या पँटीत उकिडवे बसले, गुडघे कडकडले, आणि वेचायला लागले. मी शेजारी, धोतर खोचून. अर्ध्या तासात माझी कंबर, मान आणि देवावरचा विश्वास, तिन्ही गेली. फूल हातात घेतलं की चिकटतं, दाबलं की फुटतं, फुटलं की फगनी टोपलीतून काढून फेकते. "मुंडी मत मरोड़, वकील, ककड़ी नहीं है." झनकलाल जीपच्या बॉनेटवर बसून आम्हाला सांगत होता की पहाटे इथे अस्वल येतं, तेही असंच वेचतं, पण जरा चपळाईने.

बापूसाहेब मात्र टोपलीभर वेचून उठले. चेहरा लाल, बोटं चिकट, कपाळाला माती. फगनीने टोपली हलवून पाहिली. "चल," म्हणाली.

तिच्या अंगणात सुनेने पानांचे द्रोण आणले. मी ग्लास पुढे केले, ते तिने बाजूला सारले. मडक्यातून पातळ, पाण्यासारखी स्वच्छ धार द्रोणात पडली. फगनीने आपल्या द्रोणातले चार थेंब जमिनीवर सांडले आणि ओठांत काही पुटपुटली.

"पहले पुरखों को," तिने बापूसाहेबांना सांगितलं. "थोड़ा गिरा. फिर पी."

बापूसाहेबांनी दोन्ही हातांनी द्रोण घेतला. नाकाशी नेला. डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मग डोळे उघडले, हात सरळ केला, मनगट वळवलं, आणि सगळाच्या सगळा द्रोण जमिनीवर ओतला.

त्यांना कळलंच नाही. तीस वर्षं हुंगायचं आणि ओतायचं; हाताने आपलं काम केलं. ओल्या मातीकडे बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नहीं, नहीं... मैंने जानबूझके..." मी डोळ्यांवर हात ठेवला. दोन दिवस, एकोणीस कप, एक मोडलेली कंबर, आणि हा गृहस्थ हातात आलेली दारू ओततो! तीही त्याच अंगणात, त्याच बाईसमोर!

आणि फगनी हसायला लागली. आधी घशात, मग खांदे हलवत, मग पार मांडीवर थाप मारून. सून तोंडाला पदर लावून हसली.

"देख, देख, आज भी!" ती म्हणाली. "दरोगा, मेरे पुरखे तेरे को बहुत मानते हैं. हम चार बूँद देते हैं. तूने उस दिन सात मटके पिलाए." मग हसू ओसरलं. जमिनीवरच्या ओलीकडे बघत ती म्हणाली, "उस दिन मैंने यही सोचा था. नहीं तो रोती."

बापूसाहेबांनी मान वर केली नाही. ती उठली, द्रोण पुन्हा भरला, आणि या वेळी त्यांचं मनगट आपल्या हातात धरून ठेवलं, लहान मुलाला औषध पाजताना धरतात तसं. चार थेंब तिनेच सांडू दिले. "बस. अब मुँह में."

ते प्यायले. थुंकले नाहीत.

मीही प्यालो. माझं मत नोंदवून ठेवतो : आधी थोडा धूर, मग जंगलातली सकाळ, आणि मग घशाखाली कोणीतरी हळूच शेगडी पेटवावी तसं. पण माझ्या मताला विचारतो कोण? मी पाठीवर नसलेला कोट सावरला, उभा राहिलो आणि कोर्टातल्या आवाजात विचारलं, "साक्षीदार, आता सांगा. चव कशी आहे?"

बापूसाहेबांनी द्रोणातला शेवटचा थेंब जिभेवर घेतला. म्हणाले, "वकीलसाहेब, वासात ही नव्हती."

"म्हणजे?"

"मी म्हणत होतो न, नाकाने ओळखतो. वास निराळा हो. वासाले आंबटपणा आहे, कुजकेपणा आहे. ही गोड आहे. फुलाची आहे. हे नाकाले कधी कळलंच नाही." त्यांनी नाकावरून बोट फिरवलं. "शपथेवर सांगत होतो, ओळखतो म्हणून. नव्हतो ओळखत."

मी मटकन खाली बसलो. अहो, हेच! हेच वाक्य उलटतपासणीत काढायला मी तीस वर्षं घसा फोडला! या एका वाक्यावर माझे निम्मे अशील घरी गेले असते! आणि ते मिळालं कुठे, तर एका शेणाने सारवलेल्या अंगणात, जिथे लिहून घ्यायला कारकून नाही, ऐकायला दंडाधिकारी नाही, आणि एकमेव साक्षीदार झनकलाल, तोही चौथ्या द्रोणावर!

"क्या बोला दरोगा?" फगनीने मला विचारलं.

मी सांगितलं. सगळं, नीट, हिंदीत. की हा म्हणतो, वासावरून मी ओळखत नव्हतो, चाखल्याशिवाय कळत नाही.

फगनीने बापूसाहेबांचं मनगट सोडलं.

"तो उसी दिन चख लेता," ती म्हणाली. "मटका तेरे हाथ में ही तो था."

बापूसाहेबांनी मान हलवली. फगनीने त्यांच्यापुढे मडकं सरकवलं आणि ती उरलेली फुलं वाळत घालायला उठली. थोड्या वेळाने बापूसाहेबही उठले, आणि तिच्यामागून, न सांगता, एकेक फूल पसरत गेले.

परतताना परसवाड्यात झनकलालने सवयीने चहाच्या टपरीसमोर जीप थांबवली. आम्ही दोघेही उतरलो नाही.